घड्याळाची चेन सकाळी ढिली, दुपारी घट्ट, आणि पिन परत परत बाहेर? आधी हे बघा

चेनच्या घड्याळाची तक्रार आपल्याकडे गोव्यात साधारण दोनच प्रकारची ऐकू येते. एक म्हणजे दुकानात नीट माप देऊन कड्या काढून आणल्या तरी दुपारी चेन मनगटात रुतते आणि रात्री तीच चेन हातावर गोल गोल फिरते. दुसरी म्हणजे कडी काढल्यापासून एकच पिन महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर डोकावते, नखाने दाबून आत ढकलायची, परत बाहेर, परत ढकलायची, आणि मग एक दिवस स्कूटरवर असताना घड्याळ रस्त्यावर. हे दोन वेगळे रोग आहेत पण लोक औषध एकच घेतात, दुकानात जाऊन अजून एक कडी काढतात नाहीतर काढलेली परत घालून घेतात, आणि दुखणं तसंच राहतं.

माझं म्हणणं असं की पहिल्या तक्रारीत बहुतेक वेळा माप चुकीच्या वेळी घेतलेलं असतं, आणि दुसरीत पिन बसवताना काहीतरी राहून गेलेलं असतं. दोन्ही घरी सुधारता येतं. महागडी हत्यारं लागत नाहीत, फक्त घाई नको.

आधी मापाचं बघू.

मे महिन्यात भर दुपारी फोंड्याहून पणजीला स्कूटरवर या आणि पोचल्यावर मनगट बघा. उन्हात कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, अंगातली उष्णता बाहेर टाकायची शरीराची ती पद्धतच आहे, आणि आपल्या दमट हवेत घाम लवकर वाळत नाही म्हणून मनगट बराच वेळ तसंच फुगलेलं राहतं. मग एसीत तासभर बसलात की तेच मनगट उतरतं आणि चेन खुळखुळायला लागते. पावसाळ्यात सुकं-खारं जास्त खाल्लं जातं, मीठ जास्त गेलं की अंगात पाणी धरतं, त्याचाही थोडा हिस्सा यात असतो. काहींचे हात सकाळी उठल्याबरोबरच सुजलेले असतात. (अंगठीही निघेनाशी झाली असेल आणि ते रोजचंच झालं असेल तर घड्याळाचा विचार सोडा आणि डॉक्टरला दाखवा.)

आता दुकानात आपण कधी जातो? सकाळी नाहीतर सांजेला, एसी दुकानात, आधी चार गिऱ्हाईकं असतात म्हणून थोडा वेळ बसून. म्हणजे मनगट सगळ्यात बारीक असताना माप दिलं जातं. दुकानदार बिचारा समोर दिसतं त्या मनगटाला बसवून देतो, त्याची चूक नाही. पण ते माप दुपारच्या मनगटाचं नसतं.

म्हणून घरी माप घेताना बाहेरून चालून आल्यावर घ्या, अंग गरम असताना. चेन लॉक लावून घाला आणि हात खाली सोडा. लॉकच्या खाली करंगळीचं टोक जोर न लावता गेलं पाहिजे. घड्याळ थोडं पुढे-मागे सरकायला हरकत नाही पण मनगटाच्या बाहेरच्या हाडावरून ते तळहाताकडे घसरत असेल तर ढिलं आहे. मूठ घट्ट आवळा, चेन कातडीत रुतली नाही पाहिजे. घड्याळ काढल्यावर कड्यांचे पुसट वळ दिसले तर चालतं, खोल लाल खाचा दिसल्या तर नाही.

आणि हे सगळं करताना लॉक मधल्या भोकावर ठेवा. यावर मी जरा अडून बसणार कारण निम्म्या लोकांना ही भोकं माहीतच नसतात. लॉकच्या दोन्ही कडांना बारीक भोकांची एक रांग असते, कुठे तीन, कुठे पाच-सहा. चेनचं एक टोक लॉकमध्ये एका स्प्रिंगच्या पिनने अडकवलेलं असतं, ती पिन या भोकांमधून मागे-पुढे हलवता येते. दोन भोकांमधलं अंतर साधारण दीड ते अडीच मिलिमीटर आणि एक पूर्ण कडी साधारण सात ते दहा मिलिमीटर. म्हणजे कडी हे मोठं माप, भोक हे बारीक माप. कडी एकदाच ठरवायची, भोक ऋतूप्रमाणे बदलायचं. मे महिन्यात एक भोक बाहेर, पावसाळ्यात एक भोक आत, असं केलं की वर्षभर कड्यांना हात लावावा लागत नाही. दुकानातून आणलेली चेन शेवटच्या भोकावर असेल तर तुम्हाला एका बाजूला वावच उरलेला नाही, आणि तिथेच दुपारच्या घट्टपणाचं मूळ असतं.

‘एक कडी काढली तर फार घट्ट, ठेवली तर फार ढिली’ हे रडगाणंसुद्धा इथेच सुटतं. समजा तुमची कडी आठ मिलिमीटरची आणि भोकं दोन-दोन मिलिमीटरवर. कडी काढा आणि स्प्रिंगची पिन दोन भोकं बाहेरच्या बाजूला, म्हणजे लॉकच्या टोकाकडे न्या, चेन चार मिलिमीटर लांब झाली, म्हणजे बरोबर अर्धी कडी काढल्यासारखं झालं. पिन लॉकच्या मध्याकडे सरकवली की चेन आखूड होते, टोकाकडे सरकवली की लांब. काही चेनमध्ये मुळातच एक-दोन अर्ध्या कड्या दिलेल्या असतात, बाकीच्यांपेक्षा आखूड दिसतात, त्या असतील तर मोठी कडी काढून टाकण्याआधी त्यांचा उपयोग करून बघा.

ही स्प्रिंगची पिन हलवताना मात्र सांभाळून. टाचणीच्या किंवा स्प्रिंगबारच्या (म्हणजे याच स्प्रिंगच्या पिनेच्या) टूलच्या टोकाने बाहेरच्या भोकातून पिनचं टोक आत दाबायचं आणि त्याच वेळी चेन किंचित तिरकी खेचायची, म्हणजे ते टोक परत त्याच भोकात बसत नाही. दुसरं टोक मग आपोआप सुटतं. ही पिन उडते. उडते म्हणजे थेट डोळ्याकडेसुद्धा येते, म्हणून चष्मा असेल तर घाला, आणि मी तर लॉक आणि दोन्ही हात मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच हे काम करतो, दिसायला वेडगळ दिसतं पण पिन पिशवीतच राहते. नवीन भोकात बसवल्यावर दोन्ही बाजूंनी टोक भोकात दिसतंय का बघा आणि चेन दोन-तीनदा जोरात ओढा. एकच बाजू बसलेली असते आणि माणसाला वाटतं झालं काम, असं फार होतं.

फुलपाखरासारखं दोन्ही बाजूंना उघडणारं लॉक असेल तर त्यात बहुतेकदा ही भोकं नसतातच. अशा चेनला पूर्ण कडीवरच भागवावं लागतं. मग थोडी ढिली ठेवा, घट्टपेक्षा ढिली बरी. नवीन घड्याळ घ्यायला गेलात तर दुकानातच लॉक उलटून भोकं आहेत का ते बघून घ्या, आपल्या हवेत मला तरी ती डायलच्या रंगापेक्षा महत्त्वाची वाटतात.

आता कड्या किती काढायच्या. घड्याळ हातात घालून लॉक लावा, मनगट वर करा आणि जादा चेन लॉकच्या दोन्ही बाजूंनी चिमटीत गोळा करा, चेन हवी तशी बसेपर्यंत. चिमटीत ज्या कड्या आल्या तितक्या जास्त आहेत. त्यातून पहिल्यांदा एक कमीच काढा. नंतर अजून एक काढणं सोपं असतं.

काढताना दोन्ही बाजूंनी सारख्या काढायच्या. आकडा विषम आला तर जास्तीची एक सहाच्या बाजूने काढा, म्हणजे बाराच्या बाजूला एक कडी जास्त राहील. बहुतेक हातांवर असं केलं की लॉक मनगटाच्या बरोबर मध्यावर खाली येतं. लॉक एका बाजूला सरकलेलं असेल तर डायल सतत बाहेरच्या अंगाला कलतं आणि माणसाला वाटतं की चेन ढिली आहे, आणि मग तो अजून एक कडी काढून घेतो आणि दुपारी बोंबलतो. आधी दोन्ही बाजूंच्या कड्या मोजा.

हत्यारं म्हणाल तर ऑनलाइन काही शे रुपयांत सेट मिळतो, त्यात चेन ठेवायचा प्लास्टिकचा ठोकळा, स्क्रू फिरवून पिन ढकलणारं यंत्र, दोन-तीन पंच, म्हणजे पिन ठोकून बाहेर काढायच्या बारीक सळया, छोटी हातोडी असं असतं. त्यातल्या पंचांवर फार भरवसा नको, वाकतात. पण ठोकळा आणि ढकलणारं यंत्र कामाचं आहे. घरातल्या सुईने काम करायला जाऊ नका, सुई मोडते आणि तिचं टोक भोकात अडकून बसतं, मग खरी पंचाईत. बोर्डाला लावतात ती कडक पिन त्यातल्या त्यात बरी. खाली पांढरा टॉवेल अंथरा, पंखा बंद करा, उजेड चांगला घ्या. टाइल्सच्या जमिनीवर पडलेली पिन सोफ्याखाली जाते आणि चवथीची साफसफाई होईपर्यंत सापडत नाही.

काम सुरू करायच्या आधी चेन स्वच्छ करा. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. घड्याळ तीस मीटरवालं, म्हणजे पाण्यापासून जुजबीच संरक्षण असलेलं, असेल किंवा जुनं असेल आणि त्याचं पाणी अडवणारं रबरी बूच कधी बदललंय ते आठवत नसेल तर चेन सोडवून वेगळी धुवा, नाहीतर नुसता ओला ब्रश चेनवर फिरवून फडक्याने पुसा. घामाचा आणि साबणाचा जो काळा चिकट मळ कड्यांत असतो तो वाळून सिमेंटसारखा झालेला असतो, आणि ‘पिन हलतच नाही’ या तक्रारीचं ते पहिलं कारण असतं. मळ गेला की निम्म्या पिना निमूट हलतात.

मग चेन उलटी करून आतली बाजू बघा. कड्यांवर छोटे बाण कोरलेले दिसतील. ज्या कड्यांवर बाण तेवढ्याच निघतात, बाकीच्या कायमच्या जोडलेल्या असतात, त्यांच्याशी झटापट करू नका. पिन बाणाच्या दिशेने ढकलून बाहेर काढायची आणि घालताना बाणाच्या उलट दिशेने घालायची. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी बरंच काम झालं.

बाण दिसत नसतील तर चेनची कड बघा. एका बाजूला आडवी खाच आणि दुसऱ्या बाजूला साधं गुळगुळीत टोक किंवा बंद धातू दिसला तर तो स्क्रू असू शकतो. ‘असू शकतो’ म्हणतोय कारण इथे हमखास फसगत होते. पिनांचा एक प्रकार असा असतो की तिचं एक टोक उभं चिरलेलं असतं, त्या चिरेमुळे ते टोक किंचित फाकतं आणि भोकात घट्ट धरतं. ते टोक कडेवरून बघितलं तर स्क्रूच्या खाचेसारखंच दिसतं. लोक स्क्रूड्रायव्हर लावून फिरवत बसतात, पिन जागच्या जागी फिरते, बाहेर येत नाही, आणि चिरेच्या कडा झिजून जातात. आत बाण असेल तर पिन, ढकलायची. बाण नसेल आणि खाच रुंद, स्वच्छ कापलेली असेल तर स्क्रू, फिरवायचा. दोन्ही बाजूंना खाच असेल तर दोन तोंडांचा स्क्रू, एका बाजूला एक स्क्रूड्रायव्हर धरून ठेवायचा आणि दुसऱ्या बाजूने दुसरा फिरवायचा, एकट्याने करायला गेलात तर तिसरा हात लागतो, घरातल्या कोणाला तरी बसवा.

चिरलेल्या पिनेचं टोक बाणाच्या दिशेला असतं, म्हणून काढताना ते आधी बाहेर येतं. घालताना गुळगुळीत टोक आधी आत, चिरलेलं टोक शेवटी. उलटं घातलं तरी पिन जाते, दिसतेही व्यवस्थित, पण चिरलेलं टोक सगळ्या भोकांतून घासत गेल्यामुळे दबून येतं आणि धरायचं तिथे धरत नाही. मग ती आठवड्या-पंधरवड्याने बाहेर.

पण परत परत बाहेर येणाऱ्या पिनेचं माझ्या बघण्यातलं सगळ्यात मोठं कारण हे नाही. ते आहे हरवलेली नळी.

आपल्याकडे घराघरात कोणी ना कोणी आखातात नाहीतर जहाजावर होता, आणि येताना सैको फाइव्ह किंवा सिटिझन ऑटोमॅटिक घेऊन आला होता. सैको फाइव्ह ही मालिका १९६३ पासूनची, त्यामुळे काही घरांत आजोबांचं घड्याळ नातवाच्या हातात आहे आणि चालतंयसुद्धा. या जपानी चेनपैकी पुष्कळांमध्ये पिन अगदी साधी गोल असते, चीर नाही, काही नाही. तिला धरून ठेवते ती कडीच्या आत बसवलेली एक बारीक नळी, मोहरीच्या दाण्याएवढी. पिन त्या नळीतून घट्ट जाते म्हणून राहते. तुम्ही पिन ढकलून काढलीत की कडी सुटते आणि ती नळी हळूच खाली पडते, आवाज नाही काही नाही. टॉवेल नसेल तर ती गेली. मग नळीशिवाय पिन घातली जाते, सुळ्ळकन आत जाते, माणूस खूश होतो की वा, किती सोपं, आणि तीच पिन पुढच्या महिन्यात बाहेर.

म्हणून पिन काढल्या काढल्या कड्या लगेच ओढू नका. टॉवेलवरच हळू वेगळ्या करा आणि खाली बघा. नळी पडली का? पडली नसेल तर मधल्या भोकात डोकावून बघा, कधी आतच अडकून राहते, कधी पिनेलाच चिकटून येते. बहुतेक सैकोंमध्ये ती मधल्या भागात असते, काही चेनमध्ये एका टोकाला. पहिल्या कडीतून ती कुठून निघाली ते बघून ठेवा, मोबाइलवर फोटो काढा, कारण बसवताना तिथेच बसवायची आहे.

बसवायची रीत अशी. कड्या जुळवायच्या आधी नळी चिमट्याने तिच्या भोकात ठेवा. मग कड्या एकमेकींत घाला, नळी निसटणार नाही अशा बेताने, चेन आडवी धरून. पिन घालायच्या बाजूने हाताने आत सरकवा. ती काही अंतर सहज जाईल आणि नळीपाशी येऊन थांबेल. थांबली पाहिजे. तिथून पुढे हलक्या हातोडीने टक टक करत नाहीतर यंत्राने दाबत न्यायची, आणि दोन्ही टोकं कडेच्या किंचित आत गेली की बास. थांबलीच नाही, आरपार गेली, तर नळी नाही किंवा सरकली आहे, परत उघडा.

हीच खरी परीक्षा आहे, कुठल्याही पिनेला लावा. शेवटचे दोन-तीन मिलिमीटर जाताना पिनेने अडवलं पाहिजे. बोटाने दाबून पूर्ण आत गेलेली पिन बोटाएवढ्याच जोराने बाहेर येणार, मग ती दुकानात बसवलेली असो की घरी. एका दुकानात मला ‘असंच असतं भाऊ, जुनं झालं की’ असं सांगून पाठवलं होतं. चेन वर्षभराची सुद्धा नव्हती, उघडून बघितली तर आत नळीच नव्हती. काम दुसऱ्यांदा त्यांच्याकडे दिलं नाही, एवढंच.

नळी हरवलीच असेल तर घड्याळाच्या दुकानात सुटी मिळते, जुनी पिन आणि एक कडी बरोबर घेऊन जा. नुसतं तोंडी माप सांगू नका, कारण पिनांची जाडी साधारण पाऊण ते एक मिलिमीटर अशी असते आणि त्यात दहाव्या हिश्श्याचा फरक पडला तरी सैल किंवा अशक्य घट्ट. दुकानदाराच्या डब्यात शंभर प्रकारच्या पिना असतात, हाताला येईल ती बसवून देण्याचा मोह त्यालाही होतो. कोणी म्हणतात पिन जरा वाकवून घाल किंवा फेविक्विक लाव. वाकवलेली पिन भोक लांबट करते आणि मग कुठलीच पिन बसत नाही. फेविक्विक लावलं तर चेन हलायची बंद होते आणि पुढच्या वेळी ती कडी कापूनच काढावी लागते. दोन-पाच रुपयांच्या वस्तूसाठी हे उद्योग नकोत.

चिरलेली पिन जुनी होऊन दबली असेल तर नवीन घ्या. चिरेत ब्लेडचं पातं हलकेच घालून किंचित फाकवता येते, चवथीच्या दिवसांत दुकानं बंद असली तर तेवढ्यापुरतं चालतं.

स्क्रूवाल्या चेनचं वेगळं आहे. तिथे पिन बाहेर येत नाही, स्क्रू हळूहळू उलटा फिरत येतो. कारण कंपन आणि आत न लावलेला गोंद. कंपनीतून येताना स्क्रूच्या आट्यांवर थोडा लॉकिंगचा गोंद असतो, कडी काढली की तो तुटतो. परत बसवताना आट्या स्वच्छ पुसून लॉकटाइट या ब्रँडचा कमी ताकदीचा जांभळा गोंद, म्हणजे २२२ नंबरचा, टाचणीच्या टोकावर येईल एवढाच लावा आणि रात्रभर तसंच ठेवा. निळा २४३ चालतो पण पुढच्या वेळी काढताना जरा त्रास देईल. लाल नको म्हणजे नको. काढताना स्क्रू हलत नसेल तर चेनचा तेवढाच भाग हेअर ड्रायरने गरम करा, गोंद मऊ होतो. चेन शक्यतो घड्याळापासून सोडवून घ्या, घड्याळाच्या डोक्यावर गरम हवा मारू नका, आतली तेलं आणि रबरी बूच दोन्हीला ते मानवत नाही. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण भरेल असंच घ्या, साधारण १.२ ते १.६ मिलिमीटर लागतं. बारीक पातं घसरतं आणि चेनवर असा ओरखडा उठतो की घालावंसं वाटत नाही.

पिन हलतच नसेल तर आधी दिशा परत तपासा. मग साबण-पाणी परत. मग भोकापाशी गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत राहू द्या. मग पंच भोकाच्या बरोबर मध्यावर उभा धरून छोटे छोटे ठोके. एक मोठा ठोका मारून पिन निघत नाही, पंच वाकतो. यंत्राचं टोक वाकायला लागलं तर लगेच थांबा, चेन सरळ ठेवलेली नसते.

पिना अशा अडकतात याला आपला समुद्र जबाबदार आहे. घड्याळाच्या बऱ्या चेनचं स्टील ३१६ एल जातीचं असतं, त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि त्यामुळे ते मिठाला बऱ्यापैकी दाद देत नाही. पण कड्यांच्या फटीत खारं पाणी साचून राहिलं, वाळलं, परत ओलं झालं, असं चालू राहिलं की त्या फटीत चांगलं स्टीलसुद्धा खाल्लं जातं, कारण तिथे हवा पोचत नाही आणि स्टीलवरचा संरक्षक थर परत तयार होत नाही. आणि आतल्या पिना, स्प्रिंगच्या पिना या अनेकदा त्या दर्जाच्या नसतात. वरून चेन चकचकीत आणि मनगटावर तांबूस डाग, असं दिसलं की समजा आतली पिन गंजते आहे. मिरामारला किंवा कोलव्याला पाण्यात जाऊन आलात आणि घड्याळ त्या लायकीचं असेल तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, लॉक उघडून धुवा, वाळूचे कण कड्यांमध्ये राहिले तर ते पिना झिजवतात. पाण्यातलं घड्याळ नसेल तर आधी घरीच ठेवून जा की. घड्याळाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या स्प्रिंगच्या पिना मी एक-दोन पावसाळ्यांनी बदलून टाकतो, बाकी सगळं ठीक असलं तरी, कारण ती एक पिन तुटली की घड्याळ जातं.

चेनखाली खाज येत असेल तर ती नेहमी ऍलर्जीच असते असं नाही. घट्ट चेन, खाली घाम, भांडी घासताना राहिलेला साबण, एवढं पुरतं. आठवडाभर एक भोक सैल करून आणि रोज रात्री पुसून बघा. तरीही लाल चट्टे उठले तर निकेलची ऍलर्जी असू शकते, स्वस्त मुलाम्याच्या चेनमध्ये मुलामा उडाला की खालचा धातू कातडीला लागतो.

केस ओढले जातात म्हणून लोक चेन घट्ट करतात, पण बहुतेक वेळा उलट असतं, ढिली चेन सरकते तेव्हाच कड्यांच्या फटी उघड-मिट होतात. मधलं भोक, लॉक मध्यावर, एवढं करून बघा. जुन्या स्प्रिंगच्या ताणणाऱ्या पट्ट्याला मात्र यावर इलाज नाही, तो ओढणारच. त्याच्या कड्या आतल्या बाजूच्या पत्र्याच्या पाकळ्या उघडून आडव्या सरकवून काढतात, होतं घरी, पण पाकळ्या दोन-तीनदा वाकवल्या की तुटतात.

कॅसिओच्या पातळ स्टीलच्या चेनला पिन-बिन काही नाही, लॉकवर एक छोटी पट्टी असते ती चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचलायची, लॉक हवं तिथे सरकवायचं आणि पट्टी दाबून बंद करायची. ती रोज सरकत असेल तर पट्टी चेनच्या खालच्या आडव्या खाचेत बसलेली नसते, दोन खाचांच्या मध्ये दाबली गेलेली असते. अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे करून टक असा आवाज येईपर्यंत दाबा.

काम झाल्यावर पहिला आठवडा रोज रात्री घड्याळ काढताना चेनच्या दोन्ही कडांवरून अंगठ्याचं नख फिरवा. पिन केसभर जरी बाहेर आली असेल तरी नखाला लागते. लागली तर ढकलून सोडून देऊ नका, उघडून कारण बघा, वर सांगितलेल्यांपैकीच एक असेल.

काढलेल्या कड्या, त्यांच्या पिना आणि नळ्या सगळं एका छोट्या झिपच्या पिशवीत घालून वर घड्याळाचं नाव लिहून ठेवा. पिना आणि नळ्या सुद्धा, नुसत्या कड्या नाही. घड्याळ विकायला किंवा दुसऱ्या कोणाला द्यायला काढलंत तर पूर्ण कड्या आहेत का हा पहिला प्रश्न असतो, आणि जुन्या मॉडेलच्या कड्या नंतर शोधून मिळत नाहीत. टायटॅनियमची, सिरॅमिकची, किंवा लग्नात मिळालेल्या सोन्याच्या मुलाम्याच्या घड्याळाची चेन असेल तर घरी प्रयोग नको. टायटॅनियमचे स्क्रू आट्यांत धरून बसतात, सिरॅमिकची कडी ठोक्याने फुटते, मुलाम्यावर एक ओरखडा पडला की खालचा धातू दिसतो. ती दुकानातच न्या, दुपारी उन्हातून जा आणि बसवल्यावर शेवटचे दोन मिलिमीटर पिन अडली का ते समोर उभं राहून बघा.